‘कोऱ्या’चे ‘कोर्या’ कोणी केले?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘इंटरनेटचा मालक कोण’ या प्रश्नावर एक लेख होता. ‘अमेरिका आणि चार बड्या कंपन्या’ असे उत्तर देऊन लेखकाने दोन कॉलमांत प्रकरण मिटवून टाकले. मी सांगलीच्या गावभागात वह्या बांधतो. संगणकशास्त्राशी माझा काही संबंध नाही. पण एका अक्षरापायी मी याच प्रश्नामागे दीड वर्ष हिंडलो आहे आणि मला सापडलेले उत्तर वेगळे आहे, म्हणून हे पत्र. लांबले आहे. कात्री चालवायचीच असेल तर मधून चालवावी, शेवटची विनंती तेवढी ठेवावी.

धंदा वडिलांपासूनचा. हळदीच्या पेठेतले व्यापारी पाडव्याला लागणाऱ्या रोजमेळ-खतावण्या आमच्याकडून न्यायचे. लाल कापडी पुठ्ठा, जुजबंदी शिवण, वरून गुंडाळायला दोरा. हिशेब संगणकात गेले तशी ती गिऱ्हाइकेही गेली. आता दुकान चालते ते चित्रे काढणाऱ्या पोरांवर, रोजनिशी लिहिणाऱ्यांवर आणि ज्यांना कागदावर रेघ चालत नाही अशा चोखंदळ माणसांवर. पाटीवर नाव ‘कोऱ्या वह्या’. मुलगी म्हणाली, बाबा, वेबसाइट काढू या आणि पत्ता मराठीतच घेऊ. ‘.भारत’ ही शेपटी देवनागरीत २०१४ पासून मिळते, हे तिला ठाऊक होते. मला ती कल्पनाच इतकी आवडली की पुढचे काही विचारलेच नाही.

नाव विकणाऱ्या एका कंपनीच्या फॉर्मवर मी स्वतः टाईप केले. पूर्वी मी लग्नपत्रिकाही जुळवायचो, त्यामुळे बोटांना जुनी सवय आहे. ‘ऱ्या’ काढायचा तर आधी साधा र, त्याचा पाय मोडायचा, मग एक न दिसणारे जोडचिन्ह, मग या. पडद्यावर ‘कोऱ्यावह्या’ अगदी झकास उमटले. पैसे भरले. बिल आले त्यावर मात्र आमचे नाव नव्हतेच. ‘एक्सएन’, पुढे दोन आडव्या रेघा आणि मग नुसता अक्षरांचा कचरा. हिशेब बघणारे काका म्हणाले, तुला कुणीतरी गंडवलंय. मी त्यांना शहाण्यासारखे समजावले की इंटरनेटची जुनी यंत्रणा रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच ओळखते, म्हणून आपल्या अक्षरांचे आतल्या आत असे रूपांतर होते. ‘भारत’ हा शब्दसुद्धा आत असल्याच एका गिचमिडीच्या रूपात बसलेला आहे. काका गप्प बसले, पण त्यांचा संशय खरा होता.

पाचशे कार्डे छापून झाल्यावर कोल्हापूरहून एका बाईंचा फोन आला. कार्डावरचा पत्ता टाकला तर काहीच उघडत नाही. मुलीने तिच्या मोबाइलवर टाकून पाहिला, तिथेही नाही. माझ्या संगणकावर मात्र उघडत होता. तासभर डोके फोडल्यावर तिने ब्राउझरच्या पट्टीकडे बोट दाखवले. तिथे लिहिले होते ‘कोर्यावह्या’. डोक्यावर रफार! माझे ते न दिसणारे जोडचिन्ह फॉर्मने गुपचूप काढून फेकले होते आणि मी मोबदला देऊन भलताच शब्द विकत घेतला होता. मराठी वाचकाला फरक सांगायला नको, दर्या निराळा आणि दऱ्या निराळ्या, आचार्यांना बोलावले आणि आचाऱ्यांना बोलावले यात लग्नघरी केवढा गोंधळ होईल. आमच्याकडे तर एका गृहस्थांनी ‘कोरियाच्या वह्या कितीला’ असेही विचारून झाले.

मदतकेंद्रावरचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, ‘सर, ते वरूनच तसं येतं.’

वरून म्हणजे कुठून? इथून माझे हिंडणे सुरू झाले. तलाठ्याने सर्कलकडे, सर्कलने तहसीलदाराकडे पाठवावे तशी माझी अपेक्षा होती. शेवटी कुठेतरी एक साहेब असेल, त्याच्या टेबलावर अर्ज ठेवला की काम संपले.

पहिली पायरी दिल्लीत सापडली. ‘निक्सी’ नावाची संस्था आहे, २००३ मध्ये सरकारच्या पुढाकाराने निघालेली, नफा न वाटणारी. ‘.इन’ आणि ‘.भारत’ या शेपट्यांची नोंदवही तिच्याकडे. त्या शेपटीच्या अलीकडे कोणती अक्षरे चालतील हे तिने ठरवायचे. पण खुद्द ‘.भारत’ ही शेपटी जगभर चालते ती आणखी एका नोंदवहीत तिचे नाव आहे म्हणून. सगळ्या शेपट्यांची ती एकच मूळ नोंदवही. एके काळी ती दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात बसून जॉन पोस्टेल नावाचा दाढीवाला गृहस्थ सांभाळायचा. १९९८ च्या सप्टेंबरात त्या कामासाठी ‘आयकॅन’ ही संस्था निघाली आणि ऑक्टोबरात पोस्टेल वारले. पुढची अठरा वर्षे त्या नोंदवहीत बदल करायचा तर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचा होकार लागायचा. तो करार ३० सप्टेंबर २०१६ ला संपला आणि पुन्हा झाला नाही. तेव्हा आपले लेखक २०१६ च्या आधी लिहिते तर निम्मे बरोबर ठरते. आयकॅनचे कार्यालय आजही लॉस एंजेलिसला आहे आणि ती कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे त्यांच्या बाजूने मी कबूल करतो. पण त्या नोंदवहीच्या प्रती जगाला वाचून दाखवणाऱ्या १२ संस्था निरनिराळ्या आहेत. त्यांत मेरीलँड विद्यापीठ आहे, अमेरिकेचे लष्कर आहे, स्वीडन आणि जपानमधल्या संस्थाही आहेत. त्यांतल्या काहींची यंत्रे आपल्या मुंबईतही बसवलेली आहेत.

यांपैकी माझा ‘ऱ्या’ कुणी मारला? कुणीच नाही. तो मारेकरी तिसऱ्याच ठिकाणी होता.

नावांमध्ये इंग्रजीखेरीज इतर अक्षरे कशी वापरायची याचा नियम ‘आयईटीएफ’ या अभियंत्यांच्या मंडळाने २००३ मध्ये केला. त्या नियमात न दिसणारी जोडचिन्हे सरळ गाळली जात. कुठल्याशा भाषेत त्यांच्यावाचून शब्द बदलतो, हे तेव्हा त्यांच्या गणतीत नव्हते. २०१० मध्ये नवा नियम झाला, त्यात पाय मोडलेल्या अक्षरामागे ते चिन्ह चालेल असे म्हटले. पण नियम बदलला म्हणून जगातली सगळी सॉफ्टवेअर त्या रात्री बदलत नाहीत. मी भरला तो फॉर्म २००३ मध्येच अडकून पडला होता.

या मंडळाविषयी थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याला सभासदच नाहीत. वर्गणी नाही, मतदान नाही. ज्याला ईमेल लिहिता येते तो आत. १९९२ मध्ये त्यांच्यातल्या डेव्हिड क्लार्क यांनी म्हटले होते की आम्हांला राजे नकोत, अध्यक्ष नकोत, मतदान नको. आमचा भरवसा ढोबळ सहमतीवर आणि चालू शकणाऱ्या प्रोग्रॅमवर. सभेत कल पाहायचा असला की हात वर करायला सांगत नाहीत, ‘हुं’ करायला सांगतात. ज्या बाजूचा हुंकार मोठा, त्या बाजूचा कल जास्त, मग विरोध करणाऱ्यांचे म्हणणे ऐकायचे. आजी गोष्ट सांगताना हुंकार भरायला लावायची, त्यात न झोपता ऐकतोय हे कळावे एवढाच हेतू असे. इथे त्यावर जगाचे नियम ठरतात. मला आधी हसू आले. मग आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा आठवली, जिथे ‘मंजूर, मंजूर’ म्हणून बारा ठराव सात मिनिटांत पार पडतात, आणि हसू थांबले.

अजून एक पायरी उरली होती, अक्षरांचीच. प्रत्येक अक्षराला संगणकात एक क्रमांक असतो, तो ‘युनिकोड’ ही संस्था देते. हीसुद्धा कॅलिफोर्नियातलीच, १९९१ ची. तिच्या तक्त्यात ०९३१ क्रमांकावर ‘ऱ’ आहे. खाली टीप आहे की हे अक्षर द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी. त्याखाली आणखी एक ओळ, की याचा अर्धा आकार म्हणजे ‘पापणीसारखा र’. हा पापणीसारखा र म्हणजे आपल्या ‘सुऱ्या, दोऱ्या, वाऱ्या, कुऱ्हाड’ यांतला. एवढ्या साऱ्या मराठी शब्दांचे अक्षर पाहुण्याच्या घरी भाड्याने राहते! इतकेच नाही, तर त्या तक्त्याप्रमाणे ‘ऱ’ म्हणजे ‘र’खाली नुक्ता, उर्दू-हिंदीवाले अक्षराखाली देतात तो ठिपका. मराठीच्या वर्णमालेत नुक्ता आहे का, हे आपल्या वाचकांनीच सांगावे. ॲडव्होकेट, ॲप, ॲसिड यांतल्या ‘ॲ’ला तर स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला. तोवर ज्याला जसे जमेल तसे तो जोडत होता.

सांगायचा मुद्दा, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की थेट ‘ऱ’ येतो. मग त्याचा पाय मोडून ‘या’. डोळ्यांना तेच दिसते, आतले क्रमांक वेगळे. मुलीच्या मोबाइलचा कळफलक तसेच टाईप करत होता, मी जुन्या सवयीने. तशा रीतीने मी दुसऱ्यांदा नाव घेतले, दुसऱ्यांदा पैसे भरले आणि ‘कोऱ्यावह्या’ आता ‘कोऱ्यावह्या’ म्हणूनच उघडते. कार्डे तीच चालली, एवढाच फायदा.

पण हिंडताना जे दिसले ते पैशांपेक्षा जास्त लागले. आयकॅनने त्या मूळ नोंदवहीसाठी प्रत्येक लिपीचे नियम त्या त्या लिपीच्या लोकांकडूनच करवून घेतले. आपल्याकडच्या नऊ लिपींसाठी एक गट होता, भाषेचे अभ्यासक, संगणकवाले, नेपाळचे लोकही त्यात होते. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या मंडळींचा त्यात मोठा वाटा. देवनागरीत हिंदी आहे, नेपाळी आहे, कोकणी, मैथिली, डोगरी, बोडो आहे. हिंदीला हा ‘ऱ्या’ लागत नाही. नेपाळीला लागतो, कोकणीला लागतो, आपल्याला लागतो. देवनागरी, गुजराती आणि गुरुमुखी यांचे मसुदे २०१८ मध्ये जगजाहीर ठेवले होते. कुणीही वाचावे, कुणीही हरकत लिहून पाठवावी, फी नाही, ओळखपत्र नाही. २०१९ च्या जुलैत देवनागरीचे नियम लागू झाले. न दिसणारी जोडचिन्हे त्या मूळ नोंदवहीत चालत नाहीत, ‘ऱ्या’ हवा तर ‘ऱ’च्याच वाटेने या. माझ्या अनुभवावरून मला तो निर्णय पटतो. दिसत नाही त्यावर पत्ता अवलंबून असू नये. पण २०१८ मध्ये मला याचा वासही नव्हता. कुठल्या साहित्य संमेलनात, कुठल्या शुद्धलेखनाच्या वादात, कुठल्या मराठी वर्तमानपत्रात हा विषय निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ‘ल’ला दांडी हवी की पाकळी, यावर आपण तलवारी उपसतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या चौकात पेढे वाटले, मीही खाल्ले.

या सगळ्या कारभाराला इंग्रजीत मल्टिस्टेकहोल्डर म्हणतात. ‘बहुभागधारक’ असे त्याचे भाषांतर वाचनात आले, पण भागधारक म्हटले की शेअर बाजार आठवतो. आमच्या जिल्ह्याच्या भाषेत सांगतो. साखर कारखान्याच्या सभेत बोलायचा हक्क सभासदाला. इथे ऊस घालणारा, तोडणारा, ट्रॅक्टरवाला, कारखान्याचा इंजिनियर, जिल्हाधिकारी आणि चहात साखर घालणारा, सगळ्यांना एकाच मांडवात बोलता येते. आणि जिल्हाधिकाऱ्याला सल्ला देण्याचा हक्क आहे, हुकूम देण्याचा नाही. आयकॅनमध्ये सरकारांची जी समिती आहे तिचे नावच सल्लागार समिती. २०१२ मध्ये नव्या शेपट्यांसाठी १,९३० अर्ज आले, तेव्हा क्रायस्लर कंपनीने आपल्या ट्रकच्या नावावरून रोमन अक्षरांत ‘.ram’ मागितले होते, आपण ते ‘राम’च वाचणार. भारत सरकारने हरकत घेतली ती याच समितीच्या वाटेने.

मी या मांडवाचा भाट नाही. बड्या कंपन्या पगारी माणसे पाठवतात, ती वर्षातल्या तिन्ही बैठकांना विमानाने जातात, वर्षानुवर्षे त्याच खुर्च्यांवर बसतात. मी दुकान बंद करून रात्री अकराला दूरच्या बैठकीत कान लावला तर तिसऱ्या वाक्याला संक्षेपांच्या जंगलात हरवतो. तिथे भाषांतर मिळते ते संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत, त्यात हिंदीही नाही. मराठी अक्षरांचा खल इंग्रजीतून झाला, ही गोष्ट मला अजून टोचते. आणि नव्या शेपट्यांची पुढची फेरी २०२६ मध्ये ठरली, तिची अर्जाची फी २,२७,००० डॉलर, म्हणजे आपले जवळपास दोन कोटी. उद्या कुणाला ‘.मराठी’ हवे असेल तर आधी तेवढे उभे करायचे. माझ्यासारख्याने हुंकार भरावा तो किती मोठा?

तरीही दुसरा रस्ता मला जास्त भितीदायक वाटतो. २०१२ च्या डिसेंबरात दुबईला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची परिषद भरली. संघ १८६५ चा, तारायंत्राच्या काळातला, तिथे मत फक्त सरकारांना. इंटरनेटचा कारभार तिकडे ओढायचा प्रयत्न झाला, तिथल्या करारावर ८९ देशांनी सह्या केल्या, भारताने त्या वेळी केली नाही. आपले सरकारही काही काळ दोलायमानच होते. २०११ मध्ये आपणच संयुक्त राष्ट्रांत इंटरनेटच्या कारभारासाठी ५० देशांच्या समितीचा प्रस्ताव मांडला होता आणि २०१५ मध्ये मंत्री रविशंकर प्रसाद यांनी आम्ही सर्वांच्या सहभागाच्या बाजूचे आहोत असे जाहीर केले. मला विचाराल तर ते बरे झाले. माझ्या ‘ऱ्या’चे गाऱ्हाणे सरकारी संघाकडे न्यायचे तर सांगलीहून मुंबई, मुंबईहून दिल्ली, तिथून संघाच्या मुख्यालयात जिनिव्हाला. तिथे गेल्यावर कुणाच्या तरी फाइलीत ते पाकिस्तानच्या सीमाप्रश्नाखाली दबणार. इथे मी मोडक्या इंग्रजीत एक ईमेल लिहिली, आणि परदेशातल्या एका अनोळखी गृहस्थांनी दोन दिवसांत उत्तर देऊन ‘ऱ’ची वाट दाखवली. विकणाऱ्या कंपनीचे उत्तर मला आजतागायत आलेले नाही.

वर्तमानपत्रांविषयी एक गंमत. अमेरिकेच्या होकाराची अट गेल्यानंतर आयकॅनची पहिली बैठक भरली ती आपल्याच देशात, हैदराबादला, २०१६ च्या नोव्हेंबरात. ३ तारखेला बैठक सुरू झाली, ९ ला संपली. ८ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली. परदेशी पाहुणे खिशात बाद नोटा घेऊन विमानतळाकडे निघाले असतील. दुसऱ्या दिवशीच्या आपल्या पानांवर या बैठकीला जागा मिळाली नाही, याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही.

मात्र त्यानंतरही जागा मिळालेली दिसत नाही. म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, अशा मसुद्यांवर हरकती मागवल्याची बातमी येते तेव्हा ती चार ओळींत का होईना, छापावी. जिल्हा परिषदेच्या निविदा छापता त्याच्या शेजारी चालेल. दुसरी, राज्य सरकारच्या मराठी भाषा विभागाने असे मसुदे वाचून मराठीची बाजू लिहून पाठवण्यासाठी दोन माणसे नेमावीत. त्यांना विमानाचा खर्च लागणार नाही, नेटचे रिचार्ज पुरेल. तिसरी आपल्या स्वतःच्याच कार्यालयासाठी. आपल्या संकेतस्थळावर वर्गणी भरताना मी माझा मराठीतला ईमेल पत्ता टाकला. देवनागरी पत्त्यांची मानके २०१२ पासून आहेत. फॉर्म म्हणाला, ‘कृपया योग्य ईमेल टाका.’ मराठी दैनिकाच्या फॉर्मला मराठी पत्ता अयोग्य वाटतो, एवढे आपल्या संगणक विभागाच्या कानावर घालावे.

हे पत्र मी ‘ऱ’ वापरून टाईप केले आहे. पान लावताना आपल्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घ्याल तेव्हा ‘कोऱ्या’, ‘दऱ्या’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे तीन शब्द मुद्रितशोधकाने एकदा डोळ्यांखालून घालावेत. तिथे रफार आला तर पत्राचा अर्थच उलटा होईल.

आपला,
एक वाचक व वहीबांधणीकार
गावभाग, सांगली